दादाच्या हातची तार

आधीच सांगतो, भुताखेतांचा विषय निघाला की टिंगल करणारा पहिला माणूस मीच. त्यामुळे हे वाचून कोणी माझी उडवली तरी चालेल... राग धरायचा हक्क मला नाहीच.

मी बुऱ्हानपूरला, लालबागमध्ये राहतो. ऑफिसची नोकरी, आणि हौस म्हणून गिटार. सुरांची अक्कल दिली ती माझ्या चुलतभावानं, शांतारामदादानं. दादा शाहपूरला केळी पिकवतो आणि लग्नसराईत वरातीच्या बँडपार्टीत बेंजो वाजवतो — आपला तो बटणांचा. माझा कान कच्चा, म्हणून माझी गिटारही तोच सुरात लावून द्यायचा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या क्लबात इंदूरच्या तीन पोरांचा कार्यक्रम ठरला. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी — कापूस वेचणाऱ्यांची, रेल्वेची. दोन गाण्यांना गिटारची साथ मी करायची होती. दादाचा लगेच फोन. "भाऊ, त्यांचा बेंजो गोल असतो म्हणे, चामड्याचा. एक बार पाहू दे ना मले."

मी म्हटलं, "दादा, सीटा फुल झाल्या रे."

साफ खोटं. मला त्याची लाज वाटत होती. गाणं आवडलं की दादा भर सभेत उभा राहून "वा रे पठ्ठ्या" ओरडतो. क्लबात सगळे साहेब लोक...

"हाव, मंग राहू दे," तो म्हणाला. एवढंच.

पहिल्याच गाण्यात माझी तार तुटली, खाली तारा अडकवतात त्या ब्रिजपाशी. जादा तार आणली नव्हती. नशिबानं गाणं संपताच चहाची सुट्टी झाली. गिटार मागच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. तारेसाठी दोघा-तिघांना फोन केले, कोणाकडे नव्हती. परत येऊन कुलूप उघडलं तर तार जोडलेली.

तुटक्या टोकाला जुन्या तारेचा तुकडा पिळलेला आणि वरून केळीच्या खांबाचा वाळका धागा गच्च गुंडाळलेला. वरातीत तार तुटली की दादा चालता चालता अशीच जोडतो. दुसऱ्या कोणाला हे करताना मी पाहिलेलं नाही. छेडून पाहिली — सूर चोख लागलेला.

खरं सांगू? भीती नाही वाटली, राग आला. नको म्हटलं तरी आलाच हा! तावातावानं फोन लावला. वहिनींनी उचलला.

"ते तर दुपारपासून तापानं पडून आहेत, भाऊजी. मी इथंच बसली आहे त्यांच्यापाशी."

दुसरं गाणं मी त्याच तारेवर वाजवलं. टाळ्या पडल्या.

सकाळी शाहपूर गाठलं. ताप उतरला होता, दादा खाटेवर बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तार टिकली ना रे?" मग म्हणाला, "खुर्च्या तर खालीच होत्या, भाऊ. पुढच्या दोन लाइनी."

खरंच रिकाम्या होत्या. मी मान खाली घालून चहा प्यालो. वहिनी समोर होत्या म्हणून माफी मागता आली नाही, असं मी स्वतःला सांगतो. मागितली नाही, हेच खरं.

वहिनी आजही शपथेवर सांगतात की त्यांनी खाट सोडली नाही. क्लबच्या चौकीदारानं कोणाला आत जाताना पाहिलं नाही. खोलीला खिडकी नाही. भास म्हणावं तर केळीचा धागा माझ्या बोटांनी चाचपलेला आहे. मला तरी याचा उलगडा झालेला नाही... कोणाला झाला तर सांगा.

गेल्या महिन्यात तीच पोरं पुन्हा आली. यावेळी मी स्वतः शाहपूरला गेलो. दादा शेतात घडाच्या भारानं वाकलेल्या केळीला टेकू देत होता. म्हटलं, "दादा, चल, तुला घ्यायला आलोय."

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"नको भाऊ. मी असलो की तुले अवघडल्यासारखं होते."

"नाही रे दादा" एवढंच म्हणायचं होतं. मी दुसरा टेकू उचलून त्याच्या हातात दिला.