अ‍ॅक्टिनचा पट्टा आणि अकोल्याची ती बाई

माझी नात अमरावतीत कपाशीच्या पानांवर पीएचडी करते. तिच्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण एकाच गोष्टीवर उभं होतं: झाडाचं पाणी तोडलं की पानातलं एक प्रथिन दुपटीनं वाढतं. तिचे मार्गदर्शक म्हणाले, प्रत्येक रांगेतलं एकूण प्रथिन दाखवल्याशिवाय हे पुढे जाणार नाही. पोरगी रडकुंडीला आली. मला राग आला, कारण मोजायची रीत तिनं माझ्याच जुन्या शिकवणीतून उचलली होती.

रीत अशी. पानांचे अर्क जेलमध्ये शेजारशेजारच्या रांगांत घालून वीज सोडली की प्रथिनं आकारानुसार वेगळी होतात. ती पातळ पडद्यावर उतरवायची आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीनं शोधायचं. पण एका रांगेत अर्क जास्त पडला, दुसरीत कमी, तर तुलना फसते. त्यावर आमचा तोडगा म्हणजे अ‍ॅक्टिन. हे प्रथिन म्हणे प्रत्येक पेशीत कायम सारखंच असतं, म्हणून हव्या प्रथिनाच्या पट्ट्याला अ‍ॅक्टिनच्या पट्ट्यानं भागायचं.

हे 'म्हणे' मी आज घालते आहे. अकोल्याच्या प्रयोगशाळेत तरुणपणी जी बाई शिकवायची, तिला असला शब्द माहीत नव्हता. कडक इस्त्रीची साडी आणि जेल रंगवून निळी झालेली बोटं. ती बोटं घासून धुवायची नाही, लोकांनी विचारावं म्हणून. एकदा भाजीवालीनं विचारलं, "बाई, शाई सांडली काय?" तर ही तिथंच वांग्यांसमोर प्रथिनांवर सुरू झाली. भाजीवाली म्हणाली, "ते राहू द्या, वांगे घेऊन राहिल्या का नाई?"

तर ही बाई वर्गात ठणकावून सांगायची, अ‍ॅक्टिन हलत नाही. तपासलं होतं का? छे. पाटलाच्या घरचा रांजण भरलेला दिसला, म्हणून साऱ्या गावात पाणी आहे असं ठरवण्याइतकीच तिची अक्कल.

एकूण प्रथिन मोजायला तिच्या मार्गदर्शकांनी एक नवा रंग सुचवला होता; त्याची फजिती पाहायला मी नातीसोबत प्रयोगशाळेत गेले. हा रंग जेलआधीच अर्कातल्या झाडून साऱ्या प्रथिनांना चिकटतो आणि ठरावीक उजेडात चमकतो. एका पट्ट्यावर भिस्त ठेवायची गरज नाही, अख्खी रांगच मोजता येते.

"आजी, तू गप बसशीन ना?"

"मी काहून बोलू? तुह्या सरांचा रंगच काय बोलते ते पाहू."

पडद्यावरच्या दोन्ही रांगा वरपासून खालपर्यंत उजळल्या, पाणी दिलेल्या झाडांची आणि तहानलेल्या झाडांचीही. उजेड सारखाच, म्हणजे अर्क सारखाच पडला होता. मग त्याच पडद्यावर अँटिबॉडी लावल्या. नातीचं लाडकं प्रथिन दोन्हीकडे तेवढंच निघालं. तहानलेल्या रांगेत फिका पडला होता तो अ‍ॅक्टिन. वाढलं काहीच नव्हतं. भागाकारात खालचा आकडा घसरला, म्हणून उत्तर फुगलं होतं.

तिनं ताज्या पानांवर पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"दुप्पट गेलं, आजी."

"मले काय सांगतं? अकोल्याच्या त्या बाईले सांग."

"ते तर तूच होती."

"मी अशा बाईले दारात उभी नसती केली."

ती हळूच म्हणाली, "सरांना अ‍ॅक्टिनवाला जुनाच पडदा दाखवला तर? त्यात दुप्पट दिसतेच."

"दाखव ना. ते बाई खूष होईन. साडीले इस्त्री करून तुह्या बाजूले येऊन बसन."

नातीनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तिनं फोन लावला. "सर, ते प्रथिन वाढत नाही. अ‍ॅक्टिन कमी होतं." पलीकडून काही प्रश्न आले. "तहानलेल्या सगळ्या रांगांमध्ये, सर." मग, "हो, मुदत वाढवून घ्यावी लागेल. प्रकरण नव्यानं लिहिते."

फोन ठेवून ती पडदा धुवायला लागली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुह्ये जुने विद्यार्थी अजून अ‍ॅक्टिननंच भागून राहिले असतीन का?"

"त्यायले आता भागायची गरज नाई," मी म्हटलं. "विभागप्रमुख हायेत ते. दुसऱ्यायकडून भागून घेतात."