हलत्या हातानं

अनगोळच्या शूटिंग रेंजवर दर रविवारी सदलग्याहून एक बाई येत. पन्नाशीच्या, दवाखान्यात नर्स. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळेच त्यांना आक्का म्हणत. एअर पिस्तूल हातात घेण्याआधी त्या डबीतला एकेक छर्रा काचेच्या तुकड्यावर घरंगळत सोडायच्या. वाकडा गेला की तो बाजूला. एवढं झाल्यावरच त्या नेम धरायला उभ्या राहत.

चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा स्पर्धेत नाव दिलं होतं. स्पर्धा आठवड्यावर आली आणि माझा हात काही केल्या स्थिर होईना. शेवटी पिस्तूल खाली ठेवून मी म्हणालो, "आक्का, मी नाव मागं घेतो. हात लई हलतोय."

त्यांनी आपलं रिकामं पिस्तूल निशाणावर धरलं. "बाजूनं बघा," म्हणाल्या. नळीचं टोक बारीक डुलत होतं.

"आठ वर्षं झाली, अजून हलतंय. हात कुणाचाच थांबत न्हाय. तो थांबायची वाट बघितली की बोट घाबरतंय. हलू दे त्याला. तुम्ही आपलं सावकाश दाबा."

मी नाव मागं घेतलं नाही. स्पर्धेत शेवटून तिसरा आलो, पण साठच्या साठ छर्रे झाडले. बाहेर पायरीवर आक्का भाकरीचा डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता अर्धी भाकरी पुढं केली. आठवड्यात पहिल्यांदाच मला कडकडून भूक लागली होती.