गाडीला अर्थ नव्हता

खुलताबाद मागं टाकून शहराच्या दिशेनं दोन-तीन किलोमीटर आलो होतो. आईला मळमळलं म्हणून एका लिंबाखाली गाडी थांबवून बंद केली. तिला चूळ भरायला पाणी दिलं, परत बसवलं आणि किल्ली फिरवली. टिक. एवढाच आवाज. किल्ली फिरवली की समोरचे सगळे दिवे मालवायचे, सोडली की परत लागायचे. साडेनऊ वाजले होते आणि आईच्या डायलिसिसची पाळी अकराची होती. गुरुवारची पाळी तापामुळं चुकली होती, त्यामुळं अंगात पाणी साचलं होतं, पाय सुजले होते. एक वाक्य बोलताना ती दोनदा दम घेत होती. दवाखान्यात फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "अकराला नाही पोचलात तर पुढचा पेशंट घेऊ, मॅडम. मग सोमवारी बघू." सोमवार! जणू माझ्या आईचं बँकेत काम होतं.

रुग्णवाहिकेला तास लागणार होता. तो शनिवार होता, त्यामुळं शहराकडून भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रांग आमच्या समोरून चालली होती. कपाळाला शेंदूर लावलेले, घामेजलेले लोक बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माझ्याकडं बघायचे आणि पुढं जायचे. आडव्या झोपलेल्या मारुतीच्या दगडाला उठवायला मैलोगणती चालतात, आणि इथं बसलेली जिवंत बाई यांना दिसत नाही, असं मी मनात म्हणत होते. कदाचित मोठ्यानंही म्हणाले असेन. आमच्या घरात देवघर नव्हतं. बाबांनी चळवळीतली पत्रकं भरलेली एक पत्र्याची पेटी होती. त्या पत्रकांवरच मी अक्षर ओळखायला शिकले, आणि पुढं स्वतःही लिहू लागले. नवसाविरुद्ध दोन पानी पत्रक मी गेल्याच वर्षी काढलं होतं. आपण कुणापुढं वाकत नाही, हे मला घरात कुणी वेगळं शिकवायची गरज पडली नाही.

मागच्या सीटवर आई डोळे मिटून त्रिसरण पुटपुटत होती, बुद्धं सरणं गच्छामि. "आई," मी म्हणाले, "पाठ म्हणून स्टार्टर फिरत नसतो."

"तुझ्या स्टार्टरसाठी नाय म्हणत," आई म्हणाली. मग दम घेऊन, "तुझ्यासाठी म्हणतीय."

एक जीपवाला थांबला. जीप माणसांनी खच्चून भरलेली होती, पण त्याच्याकडं केबल होत्या. त्यानं आमची बॅटरी त्याच्या बॅटरीला जोडली, मी किल्ली फिरवली. टिक. "बॅटरी गई समझो, मॅडम," तो म्हणाला. "नवी टाका." जीपमधली माणसं ओरडायला लागली तसा तो केबल गुंडाळून गेला. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीच बदलली होती. मी टायरला लाथ मारली. लागलं मलाच.

तेवढ्यात एक म्हातारा माणूस अनवाणी पायांनी माझ्याजवळ येऊन थांबला. पांढरा पायजमा, खांद्यावर पंचा, कपाळावर शेंदूर. "बघू का, ताई?"

"काही नको," मी म्हणाले. "तुम्ही जा दर्शनाला. उशीर होईल तुमच्या देवाला."

तो पुढं गेला. वीसेक पावलांवर त्याच्या तळपायात काटा मोडला. तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि पाय मांडीवर घेऊन काटा काढू लागला. एवढंच घडलं. काटा पन्नास पावलं पुढं मोडला असता किंवा मोडलाच नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. तिथं बसल्या बसल्या तो माझी टिक टिक ऐकत राहिला, आणि काटा निघाल्यावर लंगडत परत आला.

"ताई, दर्शन राहू द्या. आधी हेडलाइट लावा आन् मग किल्ली फिरवा."

हेडलाइट लख्ख लागले, आणि किल्ली फिरवताच विझले.

"बॅटरी मेली असती तर ते आधीच पिवळे दिसले असते," तो म्हणाला. "तुमची बॅटरी भरलेली हाय. डोकंबी गरम हाय. फक्त गाडीला अर्थ नाय."

"गाडीला कसला आलाय अर्थ?"

"पुस्तकातला नाय, बाई. तारेतला. अर्थिंग." तो एसटीच्या डेपोत तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता, हे त्यानं तेव्हा सांगितलं. "लाल तारेतून करंट जातो, ते सगळ्यांना दिसतं. त्याला बॉडीतून परत यायला वाट लागते, ते कुणी बघत नाय. परतीची वाट ढिली असली तर दिवा लागंल, हॉर्न वाजंल, पण स्टार्टरसारखं वजनाचं काम व्हणार नाय."

बोलता बोलता त्याची बोटं काळ्या केबलवरून खाली गेली, बॉडीवरच्या बोल्टपाशी थांबली आणि झटकन मागं आली. "चटका बसतोय. इथंच हाय."

मी दहाचा पाना दिला. बोल्ट हातानंच फिरला. त्याच्याखाली एका जाड तारेचं वाकडंतिकडं तुटकं टोक अडकलेलं होतं. ते मी लगेच ओळखलं. जयंतीच्या मिरवणुकीत अँप्लिफायर याच गाडीवर लावला होता आणि त्याची तार या बोल्टखाली अडकवली होती. पत्रक वाचायला मी उभी राहिले, तर मंडळातल्या पोरांनी डीजे सुरू केला. भर चौकात बोल्ट सैल करून मी ती तार ओढून काढली होती, आणि बोल्ट बोटांनीच फिरवून बॉनेट आदळलं होतं.

"हे कुणी लावलं?"

"पोरांनी. मी काढलं."

"काढलं नाय," तो म्हणाला. "ओढलं. काढलेलं असं दिसत नाय."

सकाळपासून मी अख्ख्या जगाला दोष देत होते. आईचा श्वास माझ्याच हातानं अडकला होता. त्यानं पान्याच्या टोकानं गंज खरवडला, तुटकं टोक काढून काळी केबल घासली आणि बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला. "फिरवा." गाडी सुरू झाली.

आईनं काचेतून हात जोडले. "जय भीम, भाऊ."

"जय भीम, माय. सावकाश जा."

"तुमचा नवस आहे का?" मी विचारलं. विचारताना माझी मान खाली होती.

"कसला नवस? शनवारी घरी बसलो की बायकोशी भांडण व्हतं, म्हणून चालतो." आणि तो लंगडत रांगेत मिसळला.

मी याला चमत्कार म्हणणार नाही. आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा वापरतात. पण ज्याला मी हाकलून दिलं तोच परत आला, हे मी खोडू शकत नाही. शरण म्हणजे हार, असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की माझ्याजवळ जोर भरपूर होता, पण तो टेकेल अशी जमीन मी कुठं ठेवलीच नव्हती. राग अजून आहे. मशीन घराजवळ का नाही, हे मी विचारत राहणारच.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. फोनवरची ती मुलगी रिकाम्या मशीनसमोर उभी राहून पुढच्या पेशंटच्या नातेवाइकाची बोलणी खात होती. "आल्या बघा," ती त्याला म्हणाली, आणि माझ्याकडं वळून, "चढवा पटकन. किती वेळ भांडू मी?" रस्ताभर तिच्यासाठी जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडातच राहिली.

एका नळीतून आईचं रक्त बाहेर जात होतं, दुसरीतून परत येत होतं. तासाभरानं तिचा श्वास खाली बसला आणि तिला झोप लागली. चादर सरकून तिचे सुजलेले पाय उघडे पडले होते. आभार कुणाचे मानावेत ते मला कळत नव्हतं. मी चादर ओढून घेतली, आणि दोन्ही हात तिच्या पायांवर तसेच राहू दिले.