शेलारच्या प्लॉटवरचं घर

कारखान्यातल्या गोष्टी गेटवरच सोडून यायच्या असतात म्हणे. माझ्या डायरीत त्या साचत जातात. गेल्या वर्षी तर अर्धी वही एकट्या शेलारच्या प्लॉटनं खाल्ली!

वसंत शेलार खोपोलीत माझ्या शेजारच्या मशीनवर होता. रिटायर झाला आणि सगळा पीएफ खालापूरच्या पुढं, डोंगराखालच्या एका प्लॉटमध्ये घातला. भिसेगावच्या भाड्याच्या खोलीत वहिनी कडाडल्या, "उद्या दवाखाना लागला तर प्लॉट उकडून खायचा का? मी तिथं पाय ठेवणार नाही!"

"आधी उंबरा तर बांधू दे गं," शेलार म्हणाला.

* * *

टेप घेऊन आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो. गवत आणि हद्दीचे चार पांढरे दगड. बांधापलीकडची भागीमावशी म्हणाली, "वैनी कालच भेटल्या. अंगणात मिरच्या वाळवत व्हत्या."

"कुठल्या अंगणात?"

"तुमच्याच की रं!"

वहिनी काल दिवसभर भिसेगावात होत्या. मी विचारून घेतलं. शेलार हसला, "मावशीला चष्मा लागलाय!"

* * *

मग गवंडी आला. मोकळ्या गवतातून चालताना मध्येच थबकला आणि वळसा घालून आला.

"सरळ ये की!" शेलार ओरडला.

"भिंत हाय ना," तो म्हणाला, आणि स्वतःच मागं वळून मोकळ्या गवताकडं बघायला लागला.

मी घराचा प्लॅन उघडून पाहिला. कागदावर भिंत बरोबर तिथंच होती.

* * *

रेतीच्या टेंपोवाल्याचा भरदुपारी फोन आला. "शेठ, रेती मागच्या दारी टाकली. घरातल्या बाईंनी सांगितलं. एकट्याच ऱ्हातात का वो त्या?"

"चला, सुपरवायझर फुकटात मिळाली!" शेलार म्हणाला. या वेळी मात्र तो हसला नाही.

* * *

भूमिपूजनाला वहिनी शेवटी आल्याच. शेलार टेप धरून नाचत होता, "इथं ओटा! इथं तुझं स्वयंपाकघर!"

भागीमावशी पदराखालून स्टीलची वाटी घेऊन आली. "वैनी, त्या दिवशी तुमी सगळ्यांना वाट्या वाटल्या ना, माज्याकडं एक जास्तीची आली."

वहिनींनी वाटी फिरवली. मी शेजारीच होतो. काठाखाली नाव कोरलेलं होतं : कै. वसंत शेलार यांच्या स्मरणार्थ.

"काय गं," पलीकडून शेलारनं हाक मारली, "आवडली का जागा?"

वहिनींनी अंगठा नावावर घट्ट दाबून धरला.

"आवडली," त्या म्हणाल्या.