हात रिकामा, पाय चालू

बोंदरे सरांना उभा माणूस बघवत नसे. बसलेला चाले, झोपलेला चाले, पळणारा तर फारच आवडे. पण कुणी नुसतं उभं दिसलं की ते त्याच्या हातात काहीतरी देऊन मोकळे होत. आमची पहिली भेटही अशीच झाली. पुरानी बस्तीतल्या एका साखरपुड्यात मी नवी साडी सांभाळत दाराशी उभी होते. "काहून उभी आहे तू?" असं म्हणत एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या हातात एक रडतं बाळ ठेवलं. ते स्वतः बघत होते स्टेजकडे, त्यामुळे बाळ येतंय हे मला कळलंच नाही. ते कोणाचं, हे शोधत मी इमारतीचे तिन्ही मजले पालथे घातले. आई सापडली, बाळ दिलं आणि धापा टाकत खाली आले, तर तेच गृहस्थ जिन्याशी हजर. म्हणाले, "पाय बरे आहेत तुझे. बास्केटबॉल खेळते का?"

कॉलेजात खेळले होते, पण त्याला एक लग्न आणि दोन बाळंतपणं उलटून गेली होती. सरांनी ते ऐकून घेतलं नाही. ते रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेले आणि आता निवृत्त. गळ्यात शिट्टी असायचीच, साखरपुड्यातही होती. आमच्या या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाच्या सभागृहामागे एक कोर्ट आहे, तिथे त्यांनी बायकांची टीम जमवली होती. मी समता कॉलोनीत एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर बसून आलेल्या बाईला पळवणं हे त्यांना पुण्यकर्म वाटत असावं.

त्या वर्षी शहरातली लीग सुरू झाली आणि आम्ही पहिल्या दोन्ही मॅच हरलो. मंडळाच्या सचिवांना कोर्टावर बॉक्स क्रिकेटचं जाळं टाकायचंच होतं. तिसरी हरलात तर गणपती उठल्यावर काम सुरू करतो, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. त्या संध्याकाळी सर कोर्टाला इतक्या फेऱ्या मारत राहिले की चौकीदाराने घाबरून त्यांना पाणी आणून दिलं. ते कोर्ट गेलं असतं तर त्या माणसाला संध्याकाळी जायला जागाच उरली नसती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आमचं दुखणं साधं होतं. पल्लवी नावाची एक उंच मुलगी आमच्यात होती, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी करायची. मराठी सगळं समजे, उत्तर मात्र हिंदीत. बॉल तिच्या हातात गेला की बाकीच्या चौघी कमरेवर हात ठेवून, मुलीची पाठवणी बघावी तशा बघत राहायच्या. समोरच्या पाचही जणी तिला घेरायच्या. ती ओरडायची, "कोई तो हिलो, दीदी." आम्ही मान हलवायचो.

सरांनी सराव रद्द केला आणि मंडळाच्या गणपतीच्या महाप्रसादाला आम्हाला वाढायला लावलं. माझ्याकडे भात, पल्लवीकडे कढी, बाकीच्यांकडे भाजी, पुरी, बुंदी. पहिल्याच पंगतीत घोळ झाला. एका आजींनी पल्लवीची उंची पाहून आपल्या नातवाची उंची सांगायला सुरुवात केली, आणि ती बिचारी बादली धरून थांबली. तिच्या मागे बाकीच्या तिघी अडकल्या, आणि पुढे भात वाढून झालेली मीही बघत थांबले. पुढची अख्खी रांग कोरड्या भाताकडे बघत बसली, सचिवसुद्धा त्यात होते.

सर पंगतीच्या टोकाहून आले. म्हणाले, "हे पाहा, हेच आहे आपलं अटॅक. एक थांबली का साऱ्या थांबल्या, मंग लोक उपाशी. वाढलं का निघाचं. हात रिकामा झाला का पाय चालू." दुसऱ्या पंगतीला आम्ही अशा फिरलो की एका काकांना बुंदी दोनदा पडली आणि त्यांनी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोर्टावर तेच. पास दिला की धावायचं, रिकाम्या जागी जायचं, परत घ्यायचं. वर आणखी एक फर्मान निघालं, "पाहाचं एकीकडे, द्याचं दुसरीकडे. ज्याले द्याचं त्याच्या तोंडाकडे पाहत बसू नका." पुढे तर आम्ही एकमेकींना भात, कढी, पुरी अशाच हाका मारू लागलो.

तिसऱ्या मॅचला सचिव मोजपट्टी घेऊन आले, जाळ्याचं माप घ्यायला. पहिल्या अर्ध्यात आम्ही सुंदर फिरलो. बॉल एका हातात ठरेना. अडचण एवढीच की बास्केटमध्ये कोणी टाकेचना. मी बास्केटखाली मोकळी उभी असतानाही बॉल पल्लवीला दिला, तिने आग्रहाने मला परत दिला, मी पुरीला दिला, पुरी म्हणाली, "नको, तुम्ही घ्या." वाढण्याचे संस्कार आमच्यात जरा जास्तच मुरले होते. मध्यंतराला आम्ही चांगल्याच मागे होतो.

सरांनी शिट्टी हातात घट्ट धरली होती. आवाज मात्र अगदी हळू निघाला, "अवं बायांनो, पंगतीत कोणाले तरी जेवाबी लागते. ज्याच्या पानात पडलं त्यानं जेवाचं. लाजाचं नाही."

मग आम्ही जेवलो. पाचही जणी जेवलो. "कढी, कढी" अशा आरोळ्यांनी समोरच्या मुली इतक्या गोंधळल्या की त्यांच्या कॅप्टनने रेफरींकडे चौकशी केली. शेवटचा बास्केट माझा. पल्लवी बघत होती पुरीकडे आणि बॉल आला माझ्या हातात. एका गुणाने जिंकलो. सचिव तोंड उघडं टाकून नुसतेच उभे होते. सरांनी जाता जाता त्यांच्या हातात पाण्याचा जार दिला.

कोर्ट राहिलं, पण सरांचे गुडघे राहिले नाहीत. गेल्या हिवाळ्यात मुलगा त्यांना नागपूरला घेऊन जायला आला. आम्ही पाचही जणी स्टेशनवर गेलो. सर डब्याच्या दारात चढले आणि तिथेच थांबले. आत मुलगा हाका मारत होता, खाली चढणाऱ्यांची रांग लागली होती, आणि सर एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने शिट्टी धरून उभे. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना सरका म्हणायची कोणाची छाती होईना.

शेवटी पल्लवीच म्हणाली, "सर, पीछे लाइन लग गई है. पास कीजिए."

सरांनी शिट्टी गळ्यातून काढली. ते पल्लवीकडेच बघत होते, म्हणून तिने हात पुढे केला. शिट्टी पडली माझ्या तळहातावर. मी वर बघितलं तोवर ते आत निघून गेले होते. हात रिकामा झाला होता ना.

या वेळी ती कोणाची हे शोधत तीन मजले फिरायची गरज नव्हती. गाडी हलली, गेली. चौघी जणी डोळे पुसत फलाटावर नुसत्या उभ्या होत्या, आणि मला ते बघवेना.