रशियन वहिनींचं ‘ठीक शे’

आमच्या गल्लीतल्या रशियन वहिनींना काहीही विचारलं तरी उत्तर एकच मिळायचं, ‘ठीक शे.’ धुळ्याच्या मे महिन्यात दुपारभर वीज गेली, नळाला पाणी आलं नाही, लेक तापाने फणफणली, तरी ओला पंचा डोक्याला गुंडाळून त्या हसत म्हणायच्या, ‘ठीक शे. व्हई जाई.’ ठीक आहे, होऊन जाईल. मी तेव्हा कॉलेजात होते आणि बारीकसारीक गोष्टींनी मी हवालदिल व्हायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा.

त्यांचं नाव नीना, गाव कीव्ह. शिरपूरकडच्या शेतकरी घरातले डॉक्टरभाऊ तिकडे शिकायला गेले आणि पदवीबरोबर बायकोही घेऊन आले. कीव्ह युक्रेनमधलं, पण आमच्या लेखी तिकडचं सगळं रशियाच. डॉक्टरांच्या आईने, म्हणजे अक्कांनी, पहिले काही महिने सुनेशी अबोला धरला होता. पण दिवसभर घरात दोघीच. एकदा वहिनींची भाकरी तव्यावर मोडली तेव्हा अक्कांना राहवलं नाही. ‘पानी कमी शे,’ त्या म्हणाल्या. वहिनींची शिकवणी तिथून सुरू झाली. त्यामुळे त्या आमच्यासारखी शाळेतली मराठी बोलायच्याच नाहीत; अर्धी अक्कांची अहिराणी आणि अर्धं गल्लीत कानावर पडेल ते. भाजीबाजारात त्या घासाघीस करायला लागल्या की माणसं वळून बघत. कुणी टक लावून बघितलंच, तर त्या त्यालाच विचारायच्या, ‘काय भाऊ, बरा शे ना?’

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात मात्र त्या ‘ठीक शे’ची परीक्षा झाली. एप्रिल सरता सरता रेडिओवर चेर्नोबिलची बातमी आली. डॉक्टरभाऊ घराखालचा दवाखाना अर्ध्यावर सोडून वर आले आणि त्यांनी स्वतःच बायकोला सांगितलं. मी तेव्हा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते. कीव्हमध्ये वहिनींची आई एकटी राहायची.

‘किती दूर शे तठून?’ त्यांनी विचारलं.

‘फार दूर नाही,’ डॉक्टरभाऊ म्हणाले.

‘ठीक शे,’ वहिनी म्हणाल्या आणि धुऊन पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला बसल्या.

परदेशी कॉल बुक केला, पण लागेना. रोज सकाळी डॉक्टरभाऊ टेलिफोन ऑफिसशी हुज्जत घालत. पेपरात रोज नवं काहीतरी असायचं. आज वाऱ्याची दिशा, उद्या दूध, परवा लहान मुलं. दिसत नाही, वास येत नाही, असं ते विष कसलं हे आम्हाला कुणालाच उमगत नव्हतं आणि त्यामुळेच जास्त धास्ती वाटत होती. शेजारच्या एकीने ‘तिकडचे लोक खरं सांगत नाहीत म्हणे’ असं म्हटलं, तेव्हा माझ्या आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं. वहिनींनी मात्र ऐकलं होतं. ‘मन्ही माय मजबूत शे,’ त्या शांतपणे म्हणाल्या.

त्याच आठवड्यात आमच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, घालायचे होते. वहिनी नको म्हटलं तरी आल्या. शेजारच्या त्यांच्या दवाखान्यातला फोन वाजला की कंपाउंडरने खालून हाक मारायची, असं ठरलं होतं. त्या ओल्या फडक्यावर बिबडा थापत होत्या आणि रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी त्यांची मान वर व्हायची. लक्ष सगळं खाली, त्यामुळे एकही बिबडा अखंड उतरेना. अक्का फाटलेले बिबडे आपल्या हाताने सांधत होत्या.

दुपारी खालून हाक आली. वहिनी तापलेल्या गच्चीवरून अनवाणीच धावल्या. मागोमाग अक्का आणि मी. फोनवर त्या मोठ्याने, हसत, त्यांच्या भाषेत बोलत होत्या. त्यांना त्या भाषेत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. क्षणभर वहिनीच मला अनोळखी वाटल्या. मग मधेच लाइन तुटली.

‘काय म्हने माय?’ अक्कांनी विचारलं.

‘ठीक शे म्हने. झाडे फुलनात म्हने.’ तिकडे झाडांना बहर आला होता. वहिनी रिसीव्हर हातात धरूनच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘खोटं बोलस ती. मी बी तिले असंच सांगस. ऊन नही, पानी शे, बठ्ठं चांगलं शे. माले मालूम शे ते बोलणं कसं ऱ्हास.’

पेशंटच्या बाकावर त्या बसल्या. ‘ठीक नही शे, अक्का,’ असं म्हणून त्यांनी तोंड झाकून घेतलं आणि खांदे गदगदा हलायला लागले. अक्का खाली जमिनीवर बसल्या. सुनेच्या भाजलेल्या तळव्यांवर त्यांनी माठातलं गार पाणी ओतलं, पदराने पाय टिपले आणि म्हणाल्या, ‘मंग बलाई ले तिले आठे. आपलामा एक ताट वाढी जाई.’

कागदपत्रांना फार वेळ लागला. वहिनींची आई इकडे येईपर्यंत तिचं काय होईल, या काळजीत सगळं घर असायचं. पण पुढच्या हिवाळ्यात ती आलीच. डोक्याला रुमाल बांधलेली, लेकीहून निम्म्या अंगाची. ती आणि अक्का गच्चीवर उन्हात हरभरा सोलत बसायच्या. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींचं काही अडत नसे. ऊन तापायच्या आत ती परत गेली. राहा म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण तिला तिचं घर हवं होतं. तिला चाळीसगावला गाडीत बसवून आल्यावर वहिनी माझ्या आईला म्हणाल्या, ‘बठ्ठं सांगं तिले. पहिलं साल मी न्हाणीमा रडू, ते बी सांगं. मंग तिनी बी तिनं सांगं.’ म्हणजे जाण्याआधी मायलेकींनी एकमेकींना सगळं खरं सांगून टाकलं होतं.

त्यानंतर वहिनी बदलल्या असं मी म्हणणार नाही. त्या तितक्याच हसऱ्या होत्या. पण कधी दारात गेलं की म्हणायच्या, ‘आज ठीक नही शे. बस जराशी.’ आपण बसायचं, त्या चहा टाकायच्या, माहेरचं बोलायच्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा भाजीबाजारात भांडताना दिसायच्या.

पुढे नव्वदच्या दशकात लेकीच्या शिक्षणासाठी ते घर नाशिकला गेलं. सामानाचा ट्रक भरून झाला, अक्का पुढच्या सीटवर बसल्या, तेव्हा वहिनी आईचा निरोप घ्यायला आल्या. त्यांनी आईचा हात घट्ट धरला होता.

‘माले भ्याव वाटस,’ त्या म्हणाल्या. ‘नवं गाव शे.’

आईला हसू आलं. ‘अगं, तू कुठून कुठे आलीस, तेव्हा घाबरली नाहीस. आणि आता नाशिकला घाबरतेस?’

‘तव्हय जास्ती भ्याव वाटे,’ वहिनी म्हणाल्या. ‘पन तव्हय सांगाले कोन व्हतं?’