उजवा गाल

"लई शिष्ट झालीया तुमची पोरगी, वैनी. माजा हात लागला तर इंगळी डसल्यावानी मागं सरली. इंग्रजी शाळंत घातलं की असंच हुतंय बगा."

आत्या स्वयंपाकघरात आईला सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत, पंख्याचा वारा लागू नये म्हणून कोपऱ्यात सरकवलेल्या खुर्चीत बसून ऐकत होते.

"तसं नाही हो, वन्सं. दाढ दुखतेय तिची. उद्या दुसरी काढायचीय," आई म्हणाली.

"ह्या वयात दोन दाढा? मंग लगनात हसंल कशी?"

आत्या त्या सकाळीच मंगळवेढ्याहून एसटीने आली होती. आली की पिशवी दारातच ठेवायची, माझ्या दोन्ही गालांवरून तळवे फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. लहानपणी मी त्यासाठी धावत दारात जायचे, मान वर करून गाल पुढे करायचे. जास्त बोटं वाजली की ती म्हणायची, "बग, किती दिष्ट लागली हुती." मला ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. तिच्या हातांना पिठाचा आणि एसटीच्या लोखंडी दांड्याचा असा मिळून एक वास असायचा.

त्या दिवशी तिची बोटं उजव्या नाकपुडीजवळ आली आणि ओठापासून डोळ्यापर्यंत वीज गेली. मी झटकन मागे झाले. तिचे हात तसेच हवेत राहिले. काय झालं ते सांगायला हवं होतं. मी आत निघून गेले.

पिशवीत नेहमीप्रमाणे कडक भाकऱ्या होत्या, पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या. शाळेत असताना मी ती भाकरी शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खायचे, आणि मोडताना तिचा आवाज पप्पांच्या भाकरीपेक्षा मोठा यावा म्हणून हट्ट करायचे. त्या दुपारी मी तुकडे दुधात भिजवून, डाव्या बाजूने हळूहळू गिळले. आत्याने बघितलं. "आगं, दात माजं पडल्यात का तुजं?" ती म्हणाली, आणि आई हसली. मीही हसल्यासारखं केलं, अर्ध्या तोंडाने.

आता वाटतं, सोलापुरात असल्यामुळेच हे इतके महिने लपलं. इथे उन्हात मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळतात. मीही गुंडाळायचे. कुणाला वेगळं वाटलं नाही. मला मात्र ऊन चालत होतं, वारा चालत नव्हता. त्याआधी पप्पांच्या स्कूटरवर मागे बसून संध्याकाळी तळ्याकडे जाताना मी मुद्दाम चेहरा त्यांच्या पाठीआडून बाहेर काढायचे. गरम दिवसानंतरचा तो पहिला थोडा गार वारा. तो आठवला की अजूनही स्वतःच्याच चेहऱ्याचा हेवा वाटतो.

पहिली दाढ काढली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी "ठणकतं का?" असं मला विचारलं होतं. उत्तर आईने दिलं. "हो, फार ठणकतं. रात्रभर झोपत नाही." आमच्या घरात मुलीचं दुखणं आईच सांगते. डॉक्टरला, शिंप्याला, शाळेतल्या बाईंना माझ्या वतीने तीच बोलायची, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं. परक्या माणसासमोर तोंड उघडावं लागत नसे. दाढ गेली. दुखणं तसंच राहिलं, तेव्हा आईला शेजारच्या दाढेचा संशय आला.

आत्या आली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "ही दाढ मी काढणार नाही. चांगली आहे. आणि आता मला पहिल्या दाढेचीही शंका येतेय. नसांच्या डॉक्टरांना दाखवा."

जिना उतरताना आई म्हणाली, "नसांचे म्हणजे डोक्याचेच ना गं ते? आत्याला काही बोलू नकोस. दातांचंच सांगायचं."

त्या दुखण्याचं नाव आज मला माहीत आहे. ट्रायजेमिनल न्युराल्जिया. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, माझ्या वयात फारच क्वचित होणारं. पुढे एमआरआयमध्ये नसेला टेकलेली एक रक्तवाहिनी दिसली. गोळ्यांनी झोप फार येते, पण मी पुन्हा पाण्याने तोंड धुते. नाव कळलं त्या दिवशी मला आनंदच झाला होता, हे कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल. पण ते नाव मिळण्याआधी त्या केबिनमधली काही मिनिटं होती.

नसांच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. मी बसायच्या आतच आईने सुरुवात केली. "वरची दाढ हो, डॉक्टर. ठणकते. एक काढली, आता दुसरी..."

"तिला सांगू द्या ना."

"ती कमी बोलते."

"मग मी थांबते." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. "इंग्लिशमध्ये सांगितलंस तरी चालेल हं."

इंग्लिशमध्ये माझी वाक्यं तयार होती. कितीतरी दिवस मनात घोळवलेली, शाळेत पाठ केलेल्या उत्तरांसारखी. ती बोलून टाकली असती तर डॉक्टरांना सगळं कळलं असतं, आणि आई शेजारी बसून नुसती आमच्या तोंडांकडे बघत राहिली असती. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. इथे मी गप्प बसले तर ती ठणक्याचंच सांगणार, आणि आम्ही पुन्हा कुठल्यातरी दातांच्या खुर्चीत जाऊन बसणार, हे मला दिसत होतं.

मी मराठीत बोलले.

"दाढ दुखत नाही. काढली ती पण दुखत नव्हती. तोंड धुताना, वारा लागला, कुणी मायेनं हात लावला तरी इथून इथपर्यंत करंट बसतो. क्षणभरच. मग दिवसभर मी तो परत यायची वाट बघत असते. आई, मला हसायचीसुद्धा भीती वाटते गं."